उडत येशील तं आखरावरून ये

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला, असं कुणी विचारलं तर मी मोठेबाबांकडे बोट दाखवतो. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तिरोड्याहून बोदलकशाकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात ते धानाची शेती करायचे आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, पडदा लावून इंग्रजी पिक्चर दाखवायचे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. मुंबईत मी परदेशी चित्रपटांचे हिंदी संवाद लिहितो, आणि हे काम मला कुठल्याही कॉलेजाच्या आधी त्यांनी शिकवलं. गेल्या वर्षी त्यांच्या जिभेची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचं बोलणं गेलं. ते बोलणं राखून ठेवायला माझ्या हातात थोडे दिवस होते. ते मला जमलं नाही, त्याची ही हकिकत.

आमच्याकडे दिवाळी सरली की एकेका गावची मंडई भरते. लेकी माहेरी येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक किंवा दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य होतं. नाटकाचा मंडप मोठा. मोठेबाबांचा पडदा शाळेच्या आवारात, दिवस मावळला की सुरू होणारा आणि नाटकाची घंटा होण्याआधी संपणारा. हिंदी पिक्चर सगळेच दाखवायचे, म्हणून ते मुद्दाम इंग्रजी आणायचे. त्यातही त्यांना हवेत उडणारी, इमारती उचलणारी, हातातून वीज काढणारी माणसं आवडायची. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि समोर बसलेल्यांनाही येत नव्हतं. त्यामुळे मारामारी संपून माणसं बोलायला लागली की ते डाव्या हाताने आवाजाचं बटण खाली करायचे, उजव्या हातात माईक धरायचे आणि पडद्यावरच्या सगळ्यांचं बोलणं स्वतः बोलायचे. पुन्हा धडाधड सुरू झाली की आवाज वर. अकरावीपासून यंत्र सांभाळायला मी त्यांच्याबरोबर जायचो.

गोष्ट ते डोक्याने जुळवायचे. एका पिक्चरमध्ये खलनायक एक उंच मनोरा पाडतो. मोठेबाबांनी त्याला हिरोचा चुलतभाऊ करून टाकलं, आणि तो मनोरा हिरोने दोघांच्या शेतांमधल्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, चढवलेला.

"पाहा, पाहा! धुऱ्यावर मजला चढवला ना यानं! आता तो सोडते काय? 'अबे, माज्या बापानं बांधलेला धुरा कोरून राहिला तू, वरून मजला बांधते?'"

शेताच्या धुऱ्यावरून कोर्टात गेलेली माणसं समोर बसलेली असायची. त्यांच्यातून कुणीतरी ओरडायचं, "हान त्याले! तलाठ्याले नोको इचारू!" आणि मोठेबाबा माईकमधूनच उत्तर द्यायचे, "तू बस ना बे काका, त्याले त्याचं करू दे. तुजी तारीख सोमवारी हाये."

पुढे तोच पिक्चर हिंदीत होऊन तिरोड्याच्या टॉकीजला लागला. गावातले काही जण हौसेने पाहायला गेले आणि रुसून परत आले. म्हणाले, हा नकली आहे, यात धुऱ्याचं काहीच नाही.

सगळ्यांना पाठ असलेली जागा वेगळीच होती. हिरो पहिल्यांदा घर सोडून निघतो. आई दारात उभी असते. इंग्रजीत ती काय म्हणायची कोण जाणे. मोठेबाबांची आई म्हणायची, "जाऊन ये बाबू. अंधार पडाच्या आदी ये. आन् उडत येशील तं आखरावरून ये, कोठ्यावरून नोको. गाई बुजतेत." गावची गुरं सकाळी जिथे गोळा होतात ते मोकळं मैदान म्हणजे आखर, आणि कोठा म्हणजे गोठा. बाया खळखळून हसायच्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावायच्या. त्यांच्यातल्या पुष्कळांची पोरं कामासाठी नागपूर, रायपूर, हैदराबादला गेलेली होती.

बारावीनंतर मला गोंदियाच्या राईस मिलमध्ये लावायचं वडिलांनी ठरवलं होतं. मोठेबाबा आमच्या अंगणात येऊन बसले आणि म्हणाले, "याले कालेजात धाडा. मले इंग्रजी समजावून सांगनारा मानूस पाह्यजे." वडील म्हणाले, "भाऊ, पिक्चरसाठी पोट्ट्याले शिकवू काय?" ते म्हणाले, "तू कायच्यासाठी बी शिकव. शिकव."

तिरोडा ते गोंदिया रेल्वेने माझं जाणं-येणं सुरू झालं. दुसऱ्या वर्षापर्यंत मला पिक्चरमधलं इंग्रजी बरंच कळू लागलं, तेव्हा मी त्यांना आनंदाने सांगितलं, "मोठेबाबा, तो चुलतभाऊ नाही. तो दुसऱ्या ग्रहावरून आलेला आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "कोन्या बी ग्रहाचा असो ना. जागेसाठीच आला ना तो?"

"हो."

"मंग झालं."

या तयारीवर मला पुढे मुंबईत नोकरी मिळाली. मी ज्या चित्रपटांवर काम करतो ते पूर्वी आधी त्यांच्या देशात चालायचे आणि उरलंसुरलं म्हणून कित्येक महिन्यांनी आपल्याकडे यायचे. आता ते सगळ्या जगात एकाच आठवड्यात लागतात. बाहेरच्या देशांतली कमाई अनेकदा घरच्या कमाईच्या वर जाते, त्यामुळे चित्रपट बनवतानाच तो सगळीकडे कळेल हे पाहिलं जातं. चोरी होऊ नये म्हणून आम्हाला चित्र काळं करून पाठवतात. सगळा पडदा अंधारा आणि बोलणाऱ्याचं तोंड दिसेल एवढाच उजेडाचा गोल. त्या ओठांवर बसतील असे हिंदी शब्द मी शोधतो. वर्षागणिक माझं काम हलकं होत गेलं. विनोद एका देशात चालतो, दुसऱ्यात चालत नाही. म्हणून तो कमी. आईवडिलांची कुरबुर प्रत्येक घरात निराळी. म्हणून तीही कमी. स्फोट मात्र सगळीकडे सारखाच कळतो. एकदा एका पहारेकऱ्याच्या तोंडी मी आमच्याकडचं "काऊन बे, कोठी चालला?" घातलं. आमच्या प्रमुख बाई मनापासून हसल्या, दोनदा वाचायला लावलं, आणि म्हणाल्या, "बहुत प्यारा है, पर पटना में कौन समझेगा?" त्यांचं चूक नव्हतं. मीच ते खोडलं.

गावाकडेही हे चित्रपट पोचले. हातातल्या फोनवर हिंदीत सगळं मिळू लागल्यावर मंडईत पडद्यासमोर कोण बसणार? मोठेबाबांनी पडदा घडी करून माळ्यावर टाकला. एका दिवाळीत मी त्यांना गोंदियाच्या नव्या थिएटरात माझ्या कामाचा पिक्चर दाखवायला नेलं. बाहेर आल्यावर ते कानात बोट फिरवत म्हणाले, "गजब हाये बाबू. पन मानसाले बोलाले जागाच नाही ठेवली कोठी."

मग त्यांच्या जिभेवर जखम झाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा ते आयुष्यभर खात आले होते, त्यामुळे घरातल्या कुणाला आश्चर्य वाटलं नाही, भीती वाटली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जिभेचा बराचसा भाग काढावा लागेल आणि नंतर बोलणं समजेल असं राहणार नाही. मी रजा काढली, ऑफिसमधला चांगला माईक मागून घेतला आणि गावी गेलो. मला एकच गोष्ट हवी होती: ऑपरेशनच्या आधी त्यांच्या तोंडून एक पिक्चर.

दुपारची वेळ ठरली. मी लॅपटॉपवर जुना पिक्चर लावून ठेवला. मोठेबाबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, केस विंचरून आले आणि खुर्चीत ताठ बसले.

"तुज्या हापिसातले लोक आयकतीन काय हे?"

"ऐकतीलही," मी म्हणालो.

मी पिक्चर सुरू केला. आई दारात आली. मोठेबाबांनी घसा साफ केला आणि शाळेत धडा वाचावा तसे बोलले, "हा नायक आहे. तो आपल्या मातेचा निरोप घेत आहे. माता म्हणते, बाळा, सुखरूप परत ये."

मला वाटलं ते माझी फिरकी घेत आहेत. मी हसलो. ते हसले नाहीत.

"मोठेबाबा, मंडईत बोलायचे तसं बोला ना."

"तसंच बोलत आहे."

आतून मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "अवो, तपासनी आली काय शाळेत? कसे बोलून राहिले!"

"तू चूप राह्य," ते आपल्या खऱ्या आवाजात तिच्यावर खेकसले. "पोरगा मुंबईत साहेब हाये. त्याच्या लोकाईपुढे गावंढ्यावानी बोलू काय? त्याची इज्जत नाही काय?"

मी समजावलं, विनवलं. समोर माणसं असली तर खुलतील म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं. ते आले, पण माईक पाहून तेही सरकारी कार्यक्रमाला बसावं तसे हात बांधून बसले. एकाला खोकला आला तर तो उठून बाहेर जाऊन खोकून आला. मोठेबाबा "नायक", "माता", "शत्रू" असं अत्यंत काळजीपूर्वक बोलत राहिले. तो धुरा "जमिनीचा वाद" झाला. आखर आलंच नाही. थोड्या वेळाने जीभ दुखायला लागली आणि त्यांनी हाताने पुरे अशी खूण केली. मग मला विचारलं, "बराबर झालं ना?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? माझा मान राहावा म्हणून त्यांनी दुखऱ्या जिभेने एवढे जड शब्द उचलले होते.

दुसऱ्या दिवशी नागपूरला जाण्यासाठी आम्ही तिरोडा स्टेशनवर उभे होतो. वीज प्रकल्पाचा कोळसा घेऊन जाणारी मालगाडी समोरून संपता संपत नव्हती. मोठेबाबा ती पाहत म्हणाले, "एवढा कोरसा जाळून राहिले, आन् तुजा हिरो त्याच धुरातून उडते. खोकला नाही येत काय बे त्याले? मायनं काढा देऊन धाडलं पाह्यजे होतं." मग त्या आईचं आणि हिरोचं काढ्यावरून जे भांडण लागलं ते डबे संपेपर्यंत चाललं. बाकावरची एक अनोळखी बाई तोंडाला पदर लावून हसत होती. माईक माझ्या पिशवीत होता. मी हात घातला आणि तसाच बाहेर काढला. माईक दिसला असता तर ते पुन्हा शाळेत उभे राहिले असते. मी ऐकत राहिलो. मला वाटलं, हे लक्षात राहील. आज त्यातलं अर्धंही आठवत नाही.

ऑपरेशन नीट झालं. ते जेवतात, शेतावर चक्कर मारतात. आवाज निघतो, शब्द होत नाहीत. मोठीमायने नातवाची पाटी त्यांच्या खाटेपाशी ठेवली आहे. होळीला मी गेलो तेव्हा त्यांनी पाटीवर लिहून मला दाखवलं, "मला थोडे पाणी हवे आहे." मोठीमाय पाणी आणत म्हणाली, "पाह्य, बुढा पुस्तकावानी बोलाले लागला." ते हसले. मलाही हसू आलं, आणि मग मी पाटीवरचं ते वाक्य पुन्हा वाचलं. लिहायला ते शाळेत शिकले होते, आणि शाळेत जे लिहायला शिकवलं तेच त्यांच्या हाताला येतं. त्यांच्या तोंडातली भाषा हाताने लिहायची असते, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या आवाजाची, त्या दुपारची, एकच फीत माझ्याजवळ आहे. मी ती सहसा लावत नाही. तो आवाज त्यांचा आहे आणि बोलणारा माणूस कुणी दुसरा आहे.

परवा कामात एक दृश्य आलं आणि मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं:

मोठेबाबा,

पाया पडतो. मोठीमायले बी सांगजा.

हे पत्र आपल्या भाषेत लिहून राहिलो. मी कधी अशी लिहिली नाही, म्हून चुका होतीन. हासजा.

एक नवा पिक्चर आला हाये. त्यातला पोरगा घर सोडून उडून जाते आन् माय दारात उभी राह्यते. इंग्रजीत माय काहीच नाही बोलत. साऱ्या जगात समजलं पाह्यजे म्हून चूप ठेवली तिले. काऱ्या पडद्यावर उजेडाचा गोल येते, त्यात तिचं तोंड, आन् तोंड बंद. मले लिहाले काही कामच नाही तेथी. तरी मी तेच घडीघडी पाहून राहिलो.

मले तेथी तुमची माय आयकू येते. आखरावरून ये, कोठ्यावरून नोको, गाई बुजतेत, अथपर्यंत याद हाये. त्याच्या पुढे तुमी अजून काही म्हनत होते आन् सारे अजून हासत. ते मले याद येत नाही. बाबाले इचारलं, त्याईले बी नाही. मोठीमाय म्हनते, तुमी दरखेपी वेगळंच बोलत होते. मंग कोनतं बी एक चालते.

ते पाटीवर लिहा आन् फोटो पाठवजा. जसं तोंडात होतं तसंच लिहा. माता नोको, माय लिहा. कोनी तपासनार नाही. पिक्चरात ते येनार नाही, हे मले मालूम हाये. मले पाह्यजे म्हून मागून राहिलो.

हिरोचा खोकला आन् मायचा काढा बी लिहा, जमलं तं.

मंडईले येतो. आखरावरूनच येतो.

तुमचा बाबू