तिसऱ्या फेरीतला भारा

बागेत रोज सकाळी मी पाच फेऱ्या मारतो. तिसऱ्या फेरीत जांभळीजवळ आलो की मागून पावलं वाजतात. मोकळ्या माणसाची नव्हेत. डोक्यावर ओझं असलेला माणूस टाच दाबून चालतो, तशी. मी लगेच वळून बघत नाही, कारण कोण आहे ते मला ठाऊक आहे.

गोष्ट पहिल्या जर्मन लढाईनंतरची. वलवणच्या धरणाची भिंत तेव्हा नवी होती. मी लोणावळ्याला रेल्वेत कारकून झालो, दोन खोल्या मिळाल्या आणि आमच्या कान्हे गावाहून वडिलांना घेऊन आलो, ते त्यांच्या छातीपायी. नांगर धरला की धाप लागायची. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "आबा, हृदय थकलंय. ओझं उचलायचं नाही, चढण चढायची नाही. रोज सकाळी बागेत सपाटीवर मोकळं फिरायचं."

बागेत एक म्हातारे ड्रिल मास्तर अशा लोकांसाठी फुकट वर्ग घेत. आधी फेऱ्या, मग हात वर, हात खाली, लांब श्वास. मुंबईहून हवा खायला आलेले शेठ, पेन्शनर, आणि त्यांच्यात फेटा बांधलेले माझे वडील. पहिल्या दिवशी ते लगेच परतले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"काय झालं?"

"मोकळ्या हातानं नुस्तं गोल गोल फिरायचं? आमी मोकळ्या हातानं येतो ते फकस्त मसनवट्यातनं. लोक काय म्हन्तील?"

मला हसू आलं आणि रागही आला. जन्मभर शेताकडे जाताना शेणखत, येताना गवत नाहीतर सरपण. रिकामा हात म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. चार दिवसांनी ते आपणहून जाऊ लागले, तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग दारात मूठभर गवत दिसलं. बागेच्या माळ्यानं कापून टाकलेलं, वडिलांनी गावाहून सोबत आणलेल्या शेळीसाठी उचललेलं. मूठभराला ओझं कोण म्हणेल? पण मुठीची पेंढी झाली आणि पेंढीचा भारा झाला. दाराशी येऊन ते हाक देत, "हात लाव रं," आणि मी भारा उतरवी. डॉक्टरांचं सांगणं मला पाठ होतं. पण शेळी दूध देत होती, चहा दाट झाला होता आणि वडील किती दिवसांनी पोटभर जेवत होते. 'उद्यापासून नको' हे दोन शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत.

एका रविवारी आमचे साहेब बागेत भेटले. माझ्या बढतीचं बोलत होते. तेवढ्यात समोरून वडील आले, डोक्यावर भारा. तेव्हा कळलं, भारा परतीचा नव्हताच. गवत आधी बांधून ते फेऱ्याच त्याच्यासकट मारत होते. मास्तरांनी हटकलं की म्हणत, "पोराला ठावं हाय." हे मास्तरांनी मला नंतर सांगितलं.

जांभळीजवळ ते थांबले. मला पाहून बरं वाटलं असावं. "हात लाव रं."

साहेबांनी विचारलं, "कोण हा गवतवाला?"

मी म्हणालो, "असेल कुणी गावाकडचा."

वडील पुन्हा म्हणाले, जरा हळू, "हात लाव." मी साहेबांच्या टोपीकडे बघत राहिलो. मग भारा पडला. गवताचाच, आवाज फारसा झाला नाही. त्याच्यावर ते पडले. मी धावलो, पण तोवर सगळं आटोपलं होतं. बढती मिळाली.

आता माझंही हृदय थकलंय. डॉक्टर दुसरे, सांगणं तेच. मास्तर गेले, वर्ग त्यांचा पुतण्या चालवतो. जांभळीजवळ मागची पावलं थांबतात आणि कानाशी हाक येते, एकदा मोठ्यानं, एकदा हळू. मी वळतो, दोन्ही हात वर करतो आणि तिथं नसलेला भारा धरून सावकाश खाली ठेवतो.

पुतण्या लांबून ओरडतो, "शाबास, काका! असेच हात वर, हात खाली."