भेट द्यायचं पाऊल

चारुलताताईंचा राग आमच्या ऑफिसात प्रसिद्ध होता. गोमती नगरच्या बाजारात सब्जीवाला टोमॅटो दाबून दाखवायला लागला, तरी त्या खेकसायच्या, "भैया, हाथ मत लगाइए." मूळच्या सांगलीच्या, पण लखनौच्या सरकारी भूविज्ञान खात्यातच केस पिकलेले. राजस्थानातल्या एका खडकावर उमटलेली डायनासोरची पावलं त्यांनी शोधली होती आणि वरपर्यंत भांडून तो खडक संरक्षित करून घेतला होता. मी त्यांच्या हाताखाली काम करायचे.

त्यातलं तीन बोटांचं एक पाऊल फारच सुरेख होतं. ताईंनी अभ्यासासाठी एकदाच त्यावर रबराचा लेप देऊन साचा घेतला, प्लास्टरची प्रतिकृती केली. तिथंच घात झाला. आमचे संचालक रणजित सिंह यांना ती एवढी आवडली, की कुणी पाहुणा आला, कुणी निवृत्त झालं, की दे एक पाऊल. शेवटी साचा फाटला. साहेब म्हणाले, नवा घ्या.

"नहीं लूँगी, सर. हर बार रबर पत्थर को छीलता है," ताईंनी तोंडावर सांगितलं.

साहेबांनी वाद घातला नाही. दिल्लीचे बडे पाहुणे येणार होते. त्यांनी लखनौजवळच्या चिनहटच्या एका मूर्तिकाराला साचा घ्यायला परस्पर राजस्थानात धाडलं. खडकाभोवतीच्या कुंपणाची किल्ली आमच्याच ऑफिसची, परवानगीवरचा शिक्काही आमचाच. राखणदारच असे निघाले, याचा मला अजून संताप येतो.

नवा साचा प्लास्टर ओतायला ताईंच्या टेबलावर आला. त्यांनी रबर उलगडलं. पावलाच्या मधल्या बोटाचा अख्खा तळ, दगडाची कपचीच, रबराला चिकटून आली होती.

साहेब डोकावले. "अरे वाह, असली टुकड़ा! इसी को फ्रेम करवा दीजिए, मैडम."

तो साचा तसाच उचलून ताई तडक सभागृहात गेल्या. पाहुण्यांचा चहा चालला होता. बशी बाजूला सारून त्यांनी तो पुढ्यात ठेवला.

पाहुणे कौतुकानं बघत म्हणाले, "बहुत सुंदर. कॉपी है न?"

"जी नहीं, असली है," ताई म्हणाल्या. "करोड़ों साल से वहीं था. आपको भेंट देने के लिए उखाड़ा गया है."