तीन महिन्यांचा पास

शालन मगदूम एकतीस वर्षं सांगलीहून कराडला रेल्वेनं नोकरीला गेली. तीन महिन्यांचा पास काढायची तिला इतकी सवय, की निवृत्तीला दहा दिवस उरले असतानाही तिनं तो काढला. वर तिकीट-खिडकीवरच्या माणसाला, महिन्याच्या पासापेक्षा हा स्वस्त पडतो, हे समजावूनही सांगितलं. गाडीतल्या बायका हसून बेजार झाल्या.

कराडला ती एका शाळेत लेखनिक होती. घरचा ओटा आधी सासूच्या ताब्यात होता. सासू गेली, त्याच वर्षी सून ब्राह्मी आली, आणि ओटा तिच्याकडे गेला. शालनच्या वाट्याला सकाळचा भरलेला डबा, आणि गाडी वेळेवर आली तर जैन घराच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत वाढलेलं ताट. निवृत्तीनंतर तरी स्वयंपाकघर आपलं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

पहिल्याच सोमवारी तिनं सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या. मंगळवारी ब्राह्मीच्या हातातून झारा घेतला. बुधवारी ब्राह्मीनं मळून ठेवलेली कणीक पुन्हा मळली. ब्राह्मी भांडी आपटायला लागली. शालनचा नवरा आदगोंडा आणि मुलगा श्रेयस, दोघंही नाश्ता न करताच बाहेर पडू लागले.

गुरुवारी पैसे शोधताना पर्समध्ये पास दिसला. अडीच महिने अजून शिल्लक. वाया कशाला घालवायचा, म्हणून ती सकाळच्या पॅसेंजरला जाऊन बसली. रोजच्या सोबतीतल्या पल्लवीनं सरकून शालनची नेहमीची खिडकीची जागा तिला दिली. कराडला उतरून मंडई, संगमावर थोडा वेळ, दुपारच्या गाडीनं परत. मग रोजच ते सुरू झालं. घरी येऊन ती गाडीतल्या गमती रंगवून सांगायची, सगळे ऐकायचे. पण ओटा पुन्हा सुनेचा झाला, हे तिला डाचत होतं. पास संपला की बघू, असं म्हणून ती दिवस मोजत होती.

पास संपायच्या आदल्या दिवशी जेवताना तिनं जाहीर केलं, "उद्याचा एक दिवस. परवापासनं मी घरीच."

ब्राह्मी आत गेली आणि नवा पास आणून सासूपुढं ठेवला. शालन देवळात गेली होती तेव्हा पर्समधला जुना पास आणि ओळखपत्र खिडकीवर दाखवून तिनं तो काढला होता. तीन महिन्यांचा.

"मला घराबाहेर घालवायला काढलास व्हय?"

"व्हय, आई," ब्राह्मी म्हणाली. "तुम्ही गाडीनं फिरून आलात की घर हसतं. तुम्ही घरात असलात की मी मोरीत जाऊन रडते."

श्रेयसचा घास हातातच राहिला. शालनला राग आला, पण तो धरून ठेवता येईना. इतकं सरळ ती स्वतः सासूला उभ्या जन्मात बोलली नव्हती. तिनं पास उलटसुलट पाहिला.

"मग रविवार माझा. त्या दिवशी तू ओट्याकडं फिरकायचं नाहीस."

"रविवारीबी पास चालतो, आई."

"चालू दे. मी जाणार न्हाई."

रविवारी शालननं पदर खोचला आणि आमटीपासून पुरीपर्यंत सगळं एकटीनं मांडलं. ब्राह्मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसली. आतून करपल्याचा वास आला तशी ती उठली, मग बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा आदगोंडानं तिला बसायची खूण केली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.