कावळ्यासमोर दिलेला शब्द

त्या कावळ्यावर माझा अजून राग आहे. एका पक्ष्यावर वर्षभर राग धरून बसणं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईला शोभत नाही, हे मला कळतं. पण तो जरा आधी उतरला असता, किंवा जरा उशिरा, तर आमच्या बांधावरची फुलं वाचली असती.

माझ्या नवऱ्याचा दहावा नदीवर होता. आमच्याकडे दहावा म्हणजे अर्धी सभाच. आधी प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. जे त्यांना आयुष्यात कधी भेटले नव्हते तेही माईक धरून बोलले. मग पिंड ठेवला, सगळे मागे सरकले, आणि कावळा बाभळीवर नुसता बसून राहिला. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे, असं धरतात. मग एकेक जण पुढे होऊन शब्द देऊ लागला. "वहिनीला एकटं पडू देनार न्हाई." कावळा हलेना. "विहिरीवरची मोटर नवी बसवू." कावळ्याने पंख साफ केले. शेवटी माझे धाकटे दीर पुढे झाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, हात जोडलेले. "दादा, तुझ्या रानात काडीचं गवत ठिवनार न्हाई. बांध आरशावानी ठिवतो बघ."

आणि कावळा खाली उतरला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "रानात जीव अडकला हुता बिचाऱ्याचा," माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली. ते खरंच होतं. फक्त जीव अडकला होता तो त्याच गवतात.

मी बायकांत मान खाली घालून बसले होते. एरवीही मी चारचौघांत बोलत नाही. त्या वेळी उठून "अहो, थांबा, उलटं झालं" असं ओरडणं मला कसं जमणार होतं?

त्या गवताची हकिकत सांगायला हवी. पारनेरच्या रस्त्याला आमचं थोडं रान आहे, अर्धं चांगलं, अर्धं मुरमाड. निवृत्तीनंतर आम्ही नगरचं घर सोडून तिथे राहायला आलो. ह्यांनी हौसेने भोपळा आणि दोडका लावला. वेलांवर फुलंच फुलं, पण फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. काही दिवस हे पहाटे उठून, चित्रकलेचा कुंचला घेऊन, एका फुलातला पराग दुसऱ्या फुलाला लावत फिरले. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे आणि हसायचे. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. आमच्या घरात अडलं की वाचायचं अशीच पद्धत होती.

कारण साधं निघालं. मधमाश्या नव्हत्या, भुंगे नव्हते. असणार कुठून? आजूबाजूचे सगळे बांध कापून, जाळून, तणनाशक मारून स्वच्छ. पिकाला फुलं असतील तेवढे दिवस त्यांना खायला मिळणार, बाकीचं वर्ष उपास. काही जातीच्या माश्या जमिनीत बीळ करून राहतात. त्यांना न नांगरलेली वीतभर जागा लागते, तीही नाही. तेव्हा ह्यांनी बांध आणि त्याच्या कडेची मुरमाड पट्टी सोडून दिली. सोडून दिली म्हणजे आळसाने नव्हे. मागच्या माळावर हिंडून त्यांनी बी गोळा केलं: तुंबा, कुर्डू, पिवळी तिळवण, विष्णुक्रांता. कडेला तरवड लावला. विकतची पाकिटं आणली नाहीत. इथल्या माश्यांना इथलंच जेवण, असं म्हणायचे. गाजरगवत मात्र दिसलं की मुळासकट उपटायचे. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे, हा माणूस गवतातून गवत काढतोय.

पट्टी लागली. पावसाळ्याच्या शेवटी ती पिवळी, पांढरी, गुलाबी व्हायची आणि तिच्यातून बारीक गुणगुण ऐकू यायची. दोडके धरू लागले.

दिरांचं रान आमच्या रानाला लागूनच. ते कांद्याचं बी करतात. थंडीत कांद्याच्या दांड्यांवर पांढरे गोंडे येतात, त्यांवर माश्या फिरल्या तर बी भरतं, नाहीतर गोंडे पोकळ राहतात. त्यांचे पोकळ राहायचे. माश्या याव्यात म्हणून ते गोंड्यांवर गुळाचं पाणी फवारायचे. माश्यांऐवजी मुंगळे यायचे. ह्यांनी किती वेळा सांगितलं, की अरे, माश्यांना आधी राहायला जागा दे. त्यावर दीर म्हणायचे, "दादा, माश्या काय पत्ता इचारून येत्यात व्हय?" थंडीत आमच्याकडे तुंबा आणि तरवड फुलत राहिले, तेव्हा आमच्या बांधाकडच्या बाजूचे त्यांचे गोंडे चांगले भरले. श्रेय गुळाला मिळालं.

दीर वाईट नाहीत, ही खरी पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरात भेटायला आलेल्या बायकांत बसले होते आणि बाहेर गवत कापायचं मशीन सुरू झालं. मी धावत गेले. तुंबा आडवा पडला होता, पांढरी फुलं अजून ताजी होती. बी हिरवंच होतं. एकही दाणा पुढच्या वर्षाच्या कामाचा नव्हता.

"भाऊजी, हे काय करताय?"

"वहिनी, तुमी आत बसा. काय बी काळजी करू नका. मी हाय ना."

या 'मी हाय ना'चं उत्तर मला वर्षभर सापडलं नाही. त्यांना नंतर तणनाशकही मारायचं होतं, पण फवारणीचा पंप बिघडला. त्या पंपाचे उपकार मी विसरणार नाही. जमिनीत आधीच्या वर्षांचं जे काही बी पडलेलं होतं, ते राहिलं.

पाऊस झाल्यावर त्यातून पट्टी परत आली. विरळ, पण आली. मी ठरवलं की या वेळी आधीच सांगायचं. दिरांना आणि जावेला चहाला बोलावलं आणि माश्या, पराग, फळधारणा सगळं नीट समजावून सांगितलं. ज्या माळावरून बी आणलं तिथे आता प्लॉट पडलेत, परत कुठून आणायचं नाही. हे बी दिवाळीपर्यंत पिकून गळू दिलं नाही तर संपलंच, हेही सांगितलं. दिरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमचं वाचन लई हाय, वहिनी," ते मनापासून म्हणाले. दोन-चार दिवसांनी दोघं खुरपं घेऊन हजर.

"अहो, तुमच्या दादांचीच इच्छा होती की हे राहू द्यावं!"

"व्हती ना. मी कुटं न्हाई म्हनतो? पन त्ये दादा असताना. वर गेल्यावर मानसाचं मन बदलतं. मी त्याला शब्द दिला, कावळा शिवला. समद्या गावानं बगितलं."

"कावळ्याला भूक लागली होती, भाऊजी."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अचकटविचकट बोलले. जाऊ त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाली, "जाऊ द्या वो. दुःखात मानूस काय बी बोलतं." त्या दिवशी खुरपं तसंच परत गेलं.

हेच मला सहन होत नव्हतं. मी काहीही बोलले की ते दुःखाच्या खात्यात. बांधावर गवत दिसलं की गावाला एवढंच वाचता येतं: या घरातला माणूस गेला आणि बाई खचली. पट्टी जसजशी फुलायला लागली तसतशी लोकांना माझी जास्तच दया यायला लागली. रस्त्याने जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून यायच्या, भाकरी-पिठलं ठेवून जायच्या. "रान बगवत न्हाई गं बाई." एकाने न विचारता औत पाठवलं, मी ते परत पाठवलं तर तो बिचारा स्वतः येऊन म्हणाला, "पैशे नकोत वो आमाला, वहिनी." कुर्डूला गुलाबी तुरे आले त्या आठवड्यात तर पिठलं इतकं जमलं की मी ते जावेकडे दिलं. तिने ते परत गरम करून, माझ्यासाठीच, आणलं.

श्रावणात मी डोळे तपासायला नगरला गेले. संध्याकाळी एस.टी.तून उतरले तर रस्त्याकडची अर्धी पट्टी साफ. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, मला आधी वाटलं नीट दिसत नाहीये. नीटच दिसत होतं. जाऊ शेंगदाण्याची चटणी घेऊन उभी होती. "मी म्हनलं त्यास्नी, आक्का आल्यावर करा. तर म्हनले, आक्कास्नी तरास कशाला?"

उरली विहिरीकडची अर्धी. जे काही बी होतं ते त्या अर्ध्यात, आणि अजून हिरवं.

भाद्रपदात वर्षश्राद्ध आलं. ह्यांची राख शेतातच, विहिरीजवळ पुरली होती, म्हणून जेवणं तिथेच घालायचं ठरलं. आदल्या दिवशी दीर मांडवाचे बांबू टेम्पोतून उतरवून घेत होते. बांबूंच्या मागून मशीन उतरलं.

"तेवडं उरलेलं काढून टाकतो, वहिनी. उद्या समदे पाव्हने येनार. दादाच्या श्राद्धाला त्याचं रान असं दिसाया नको."

कावळ्यासमोर आता दिरांकडून उलटा शब्द घ्यावा, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. पण कावळ्याच्या भरवशावर पुन्हा काही ठेवायची माझी तयारी नव्हती. मी पट्टीच्या पुढे जाऊन उभी राहिले. मागे तुंब्यावर एक काळा भुंगा घरघरत होता, त्याला कसलीच घाई नव्हती.

"भाऊजी, तुम्ही शब्द कुणाच्या रानाचा दिलात?"

"असं काय इचारता? दादाच्या."

"मग ऐका. हे रान आता दादांचं नाही."

हे वाक्य बोलायला मला वर्ष लागलं. तलाठ्याचे निरोप येत होते, वारस लावून घ्या म्हणून, आणि मी आज जाते, उद्या जाते करत होते. एकदा गेलं की सातबाऱ्यावर त्यांच्या नावाला कंस पडतो, म्हणजे ते नाव रद्द. पुस्तकांच्या नोंदी करण्यात आयुष्य गेलेल्या मला तो कंस बघायचा नव्हता. घरातही मी 'त्यांचं रान', 'त्यांची विहीर' असंच म्हणत होते. आणि आता त्यांचीच फुलं वाचवायची तर मला त्यांचं नाव स्वतःच्या तोंडाने पुसावं लागत होतं.

"ते गेले. रान माझं आहे. माझ्या रानाबद्दल तुम्ही कुणालाच शब्द दिलेला नाही. आणि माझ्या रानात मशीन चालणार नाही."

आवाज बराच चढला असावा, कारण टेम्पोवाला बांबू हातात धरून तसाच थांबला. दीर मशीनशेजारी खाली बसले. टोपी काढली.

"असं म्हनू नका, वहिनी. दादाचं न्हाई असं नका म्हनू." टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "मग मी करू काय त्याच्यासाटी? मला तेवडंच जमत हुतं."

इतका वेळ साठवलेला राग ऐन वेळी हाताशी नव्हता, याचाही थोडा राग आला. समोर विहीर दिसली, तिच्या कठड्यातून पिंपळ उगवला होता.

"विहीर सामाईक आहे ना? तिच्यात दादांचं अजून आहे असं धरा. ती करा आरशासारखी."

त्यांनी दिवस मावळेपर्यंत विहीर साफ केली. कठडा घासला, पायऱ्यांवरचं शेवाळ काढलं, मोटारीच्या पेटीलासुद्धा रंग दिला. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पान घराच्या छतावर ठेवलं, तर लोक मागे सरायच्या आत कावळे आले. कुणाचं लक्षही नव्हतं. जेवताना एका चुलत सासऱ्यांनी बांधाकडे बघून चुकचुक केली. "रान लई वाढलंय गं पोरी." मी तोंड उघडायच्या आत दीर भात वाढता वाढता म्हणाले, "त्ये वहिनींचं हाय. तिथं बोलायचं न्हाई." सांगण्यापेक्षा तक्रारीचाच सूर होता.

मी तलाठ्याकडे गेले. कंस पडला.

दिवाळीच्या सुमारास तुंब्याचे गोळे वाळले. मी ते काठीने हलवून बी गळू दिलं, कुर्डूचं चमकदार काळं बी मुठीत घेऊन कापलेल्या अर्ध्यावर टाकत गेले. पुढच्या पावसात त्यातलं किती येईल मला माहीत नाही. माझा हात त्यांच्याइतका सवयीचा नाही.

थंडीत शेजारी कांद्याला गोंडे आले. दीर पंप पाठीला लावून गुळाचं पाणी फवारत आले, पार बांधापर्यंत. वारं माझ्या बाजूला वाहत होतं. दुपारी बघितलं तर मुंगळ्यांची रांग बांध ओलांडून माझ्या तुंब्यावर चढत होती. बांधाजवळ जाऊन मी चांगलं तोंड उघडलं, आणि मिटलं. रान त्यांचं आहे.