वाजवून बघणारे मिस्तरी

आमचे मिस्तरी कुठलीही मोटार आधी डोळ्यांनी बघायचे नाहीत, कानांनी बघायचे. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून दरवाजाच्या खालच्या कडेला टक् टक् वाजवायचे आणि मान तिरकी करून थांबायचे, जणू आतून कोणी "कोण हाय?" म्हणून विचारणार आहे. मग खांद्यावरचं घोंगडं अंथरून गाडीच्या पोटाखाली सरकायचे. बाहेर उरायचे ते फक्त दोन पाय. गेवराईच्या रस्त्याला त्यांचं गाड्यांचे पत्रे ठोकायचं दुकान होतं, आणि निम्मं गिऱ्हाईक त्यांना तोंडापेक्षा पायांवरून ओळखायचं.

मूळचे ते पाटोद्याकडच्या डोंगरातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. ठोकाठोकी दुकानात शिकले, पण पारख जनावरांच्या बाजारातली. "बाईसाहेब, जनावर पोटाखालून बघावं," म्हणायचे. "पाठीवरून समदी गुबगुबीतच दिसत्यात." बाईसाहेब म्हणजे मी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या त्या माणसाला मी 'अरे मिस्तरी' म्हणायचे. आता 'अहो' म्हणते. आता ऐकायला ते नाहीत, त्यामुळे फुकटात जमतं.

तेव्हा मी बावीस वर्षांची, तेलगावजवळच्या एका बड्या शेतकरी घरातली नवी सून. मॅट्रिक पास, आणि वर माहेरी मोटार! हे मी सासरी आल्या दिवसापासून सगळ्यांना ऐकवत होते. खरं सांगायचं तर मोटार माझ्या मामांची होती. मी तिच्यात दोनदा बसले होते आणि त्यातल्या एकदा ओकले होते. एवढ्या अनुभवावर मी आमच्या पंचक्रोशीतली मोटारींची सगळ्यात मोठी जाणकार ठरले होते.

त्या साली आमचे हे निवडणुकीला उभे राहिले. प्रचाराला मोटार हवी होती. नव्या मोटारीचा नंबर लागेपर्यंत निवडणूक होऊन गेली असती, म्हणून जुनी घ्यायची आणि मिस्तरींकडून नवी करून घ्यायची असं ठरलं. गेवराईत एकाकडे दोन जुन्या अँबेसिडर होत्या. ह्यांना सभा होती. म्हणाले, "तुला मोटारीतलं कळतं, तू जा मिस्तरीसंगं. पण मिस्तरी म्हणतील तीच घे."

पहिली गाडी बघूनच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. रंग पोपडे धरून उडालेला, बॉनेटवर तांबूस गंज, दिव्याच्या खोबणीत चिमणीचं घरटं. शेजारी दुसरी उभी होती, पांढरीशुभ्र, खिडक्यांना झालरीचे पडदे. मिस्तरींनी गंजकी वाजवली, खाली सरकले आणि केसांत शेळीच्या लेंड्या घेऊन बाहेर आले. "ही घ्या. कातडं गेलंय, हाडं शाबूत हायती."

मग पांढरी वाजवली. ती भद् भद् बोलली. मिस्तरींनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत जुन्या कर्ण्यातून काढलेलं चुंबक होतं. टपाला लावलं, चिकटलं. दरवाजाच्या खाली लावलं, पडलं. तीनदा लावलं, तीनदा पडलं.

"हितं लोखंडच न्हाई, बाईसाहेब. निस्ती पुट्टी थापलीय."

"तुझ्या चुंबकातलं वारं गेलंय," मी म्हणाले. विकणारा हसला, तशी मी आणखी फुगले.

"गंज दिसतो ती गाडी खरं बोलती. जिचा दिसत न्हाई तिला भ्यावं."

"मिरवणुकीत ह्या डब्यात बसू होय मी? लोक म्हणतील, उमेदवार भंगारवाल्यानं उभा केलाय!" इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. "मेंढरं राखणाऱ्यानं मोटारीत अक्कल चालवू नये," असंही म्हणाले.

मिस्तरींनी चुंबक रुमालात ठेवलं, रुमालाची चार टोकं एकावर एक घडी घातली, पुरचुंडी खिशात टाकली. "बरं," एवढंच म्हणाले.

पांढरीच घेऊन आम्ही घरी आलो. ओसरीवर सासरे आणि चार माणसं बसली होती. ह्यांनी विचारलं, "काय मिस्तरी, हीच ना?" त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "मिस्तरींनीच पसंत केली." त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा मान दिला तो असा, खोटं बोलताना. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा जमिनीकडं. नवी सून सासऱ्यापुढं खोटी पडली असती. "जी," म्हणाले, आणि ब्रेक बघायचे म्हणून गाडी दोन दिवस दुकानात घेऊन गेले.

मिरवणूक निघाली. जरीचं लुगडं नेसून, गळ्यात हार घालून मी मागच्या सीटवर बसले होते आणि दोन्ही बाजूंना हात जोडत होते. बाजारात गाडी खड्ड्यात आदळली. कर्रकन आवाज झाला आणि माझ्या उजव्या पायाखालची जमीनच गेली. पाय आत घुसला, आणि कशावर तरी ठाणकन आपटून थांबला. चप्पल फटीतून रस्त्यावर पडली. हलगी थांबली. गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "उमेदवारीणबाई गाडीत बसून पायी चालल्यात बे!" आणि अख्खा बाजार हसला.

चौघांनी मला उपसून काढलं. नुसतं खरचटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, अंबाजोगाईच्या योगेश्वरीनं पाय राखला. तेवढ्यात मिस्तरी गर्दी फोडत आले. तोंडाकडं न बघता त्यांनी आधी माझ्या पायाकडं बघितलं. "पाय तर वाचला न्हवं?"

ह्यांचा आवाज चढला. "हीच का तुझी पारख? तूच पसंत केलीस ना ही?"

मिस्तरींनी माझ्याकडं बघितलं. मला वेळ होता. चांगला भरपूर वेळ होता. मी खाली वाकून चप्पल शोधायला लागले.

"चुकलं माझं, मालक," मिस्तरी म्हणाले.

हे निवडणूक हरले. गाडी गोठ्यात ढकलून लावली आणि पुन्हा तिचं तोंड बघितलं नाही. हरल्याचं खापर मिस्तरींवर फुटलं. ज्यानं उमेदवाराची गाडी अशी दिली त्याच्याकडं कोण गाडी नेणार? दिवाळीच्या आत त्यांचं दुकान बंद झालं. भावाच्या मेंढरांमागं डोंगरात गेले म्हणून कळलं. मी "अरेरे" म्हणाले. आणि पाय राखला म्हणून अंबाजोगाईला जाऊन देवीची ओटी भरून आले.

दुकान चालू होतं तोवर त्यांची बायको सारजा आमच्याकडं कापूस वेचायला यायची. मिरवणुकीनंतर चार-आठ दिवसांनी ती शेतात रडवेली होऊन म्हणाली, "बाईसाहेब, आमचा मोठा तवा गेला. सासूच्या हातचा व्हता. ह्यांनीच इकला असंल, अन् पेले असतील."

मी सगळ्या बायांपुढं म्हणाले, "अगं, विकला कशाला असंल? ठोकला असंल एखाद्या मोटारीला!" बाया हसून हसून वाकल्या. सारजाही पदर तोंडाला लावून हसली. तो विनोद मी पुढं कित्येक वर्षं सांगत होते.

आता माझी नात मुक्ता. पुण्यात इंजिनियर आहे. गेल्या वर्षी तिच्या डोक्यात आलं की एक जुनी गंजकी मोटार निवडायची आणि स्वतः हातानं उभी करायची. सुट्टीला गावी आली की रोज मोबाईलवर फोटो दाखवायची, "आजी, ही कशी?" मी सांगायचे, "रंगाला भुलू नको. पोटाखालून बघ. वाजवून बघ. गंज दिसतो ती गाडी खरं बोलते." मुक्ता थक्क! तिनं माझा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. हजारो लोकांनी आजीला नमस्कार पाठवले. मी ते सगळे घेतले. म्हातारपणी सवयी सुटतात म्हणतात, माझी काही सुटली नाही.

मग एका सकाळी ती म्हणाली, "आजी, आपल्या गोठ्यात आहे की एक!" मी म्हणाले, "ती सोडून जगातली कुठलीही घे." नात माझीच, ऐकतेय कशाला? पोतं अंथरून खाली सरकली. बाहेर दोन पाय उरले. 

"आजी, मागचा तळ पूर्ण सडलाय. पण उजव्या बाजूला सीटच्या पुढं खालून काहीतरी बोल्टनं पक्कं केलंय." थोडा वेळ खडखड झाली. "आजी, अगं हा तवा आहे! भाकरीचा तवा! असं कोण करतं?"

मी गव्हाणीच्या कडेला बसले. माणसाचं वजन पेलेल एवढं जाड लोखंड दोन दिवसांत दुसरीकडं मिळालं नसेल. पाय राखणाऱ्या देवीची ओटी भरून आले मी, आणि तवा लावणाऱ्याचं दुकान घालवलं. हे गेले तेही मिस्तरींना शिव्या देतच गेले, आणि त्याही मीच पुरवलेल्या.

मुक्ताला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मी हीच गाडी करणार. आणि त्या व्हिडिओत त्यांचं नाव घालते. काय नाव त्यांचं?"

 मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

चिंचेनं घासून तवा घेतला आणि आम्ही दोघी पाटोद्याकडं गेलो. मिस्तरींना जाऊन आठ वर्षं झाली होती. सारजा मुलाच्या घरी, दारात बसली होती. तवा तिच्यापुढं ठेवला. तिनं बोट वाकवून वाजवला आणि मान तिरकी करून ऐकला, अगदी तशीच. मग कडेवरच्या चार भोकांतून एकेक बोट फिरवलं. मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं, पांढऱ्या गाडीपासून चपलेपर्यंत.

"मी त्यांला मरस्तोर बोलले," सारजा म्हणाली. "तवा इकून दारू पेलात म्हनून. येकदाबी म्हनले न्हाईत की न्हाई इकला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पर तुमी त्या दिशी शेतात म्हनला व्हतात, मोटारीला ठोकला म्हनून. म्हंजी तुमाला ठावं व्हतं. मंग मला कावून सांगितलं न्हाई?"

"नाही गं सारजा, तो विनोद होता. खरंच मला माहीत नव्हतं."

ह्या वेळी मी खरं बोलत होते, आणि माझं मलाच ते खोटं ऐकू येत होतं. भद् भद्.

मुक्तानं हळूच विचारलं, "आजोबांचं नाव काय होतं?" सारजा लाजली. नवऱ्याचं नाव घ्यायची तिला सवय नव्हती. तिनं डावा हात पुढं केला. सुरकुतलेल्या कातड्यावर हिरवट गोंदण होतं. मुक्तानं कातडं हलकेच ताणून एकेक अक्षर वाचलं, "स-खा-रा-म."

सारजानं तवा मांडीवर घेतला. जरा वेळानं विचारलं, "पाय तर वाचला न्हवं त्या दिशी?"

मी दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.