तुळजारावांना किळस यायची

तुळजाराव गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. आधी दार उघडायचे, आत डोकं घालायचे, नाकपुड्या आक्रसून वास घ्यायचे आणि दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी धरून बाहेर यायचे. कधी केळ्याचं वाळकं साल, कधी आमच्या मुलीचा महिनाभर हरवलेला मोजा. ती वस्तू मालकाच्या नाकासमोर धरून एकच तमिळ शब्द म्हणायचे, "असिंगम." म्हणजे घाण, ओंगळ. मग पुढचं काम.

मोटारीच्या मेकॅनिकला घाणीची एवढी किळस असावी याची मला गंमत वाटे. चेन्नईत गिंडीला कारखान्यांमागच्या एका बोळात त्यांची पत्र्याची शेड होती. जमीन रोज धुतलेली, पाने जुन्या टॉवेलवर ओळीने मांडलेले. काम संपलं की शिकेकाईने कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं उजेडात धरून बघायचे आणि पुन्हा धुवायचे. माणूस साठीचा, किडकिडीत, आणि चेहऱ्यावर कायम कडू काढा प्यायल्याचा भाव. मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांच्या बोलण्यात सगळ्याला 'अस्की' आणि गप्पला 'उगे', आणि वाक्याला तमिळ हेल. मी साताऱ्याचा, बँकेच्या बदलीवर चेन्नईत आलेला. पहिल्या भेटीत मी त्यांच्या मराठीला हसलो होतो. ते म्हणाले, "तुमची मराठी नवी, सार. आमची जुनी. जुन्या गाडीला हसू नये, तुम्ही तर मुळीच नको." माझ्याकडे तेव्हा सासऱ्यांनी दिलेली, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली खटारा गाडी होती.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. नवरात्रात मी गाडीचं ट्यूनिंग करून घेतलं. तुळजारावांनी नवे प्लग घातले, पॉइंट लावले, कार्बोरेटर धुतला, ज्यातून चारी प्लगांना वीज जाते ती डिस्ट्रिब्यूटरची टोपी आतून-बाहेरून लख्ख पुसली. इंजिन असं चाललं की सुरू आहे की बंद ते कळेना. "आता हिला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. मी हो म्हटलं.

पंधरा दिवसांत गाडी ठसके द्यायला लागली. सकाळी सुरू व्हायला रडायची, सुरू झाली की फटफट करत, आचके देत निघायची, आणि सिग्नलला बंद. मागचे रिक्षावाले माझा जो उद्धार करत तो समजण्याइतकं तमिळ दुर्दैवाने मला येत होतं. सहा दिवस हा तमाशा झाल्यावर माझं डोकं फिरलं. बायको म्हणाली, "आधी त्यांना जाऊन विचारा. चारचौघांत काही बोलू नका." पण रविवारी आमच्या मराठी मंडळाची बैठक होती आणि माझ्या जिभेला हाड नाही. फराळाच्या बशा हातात असताना मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तुळजाराव आता नुसते नावाचे राहिलेत. आपल्या गाड्यांना जुने प्लग घासून घालतात आणि नवे ठेवून घेतात." मला काहीएक माहीत नव्हतं. रागात सुचलं ते बोललो. माझा बँकेतला सहकारी जोगळेकर चिवडा चावायचा थांबला आणि म्हणाला, "तरीच."

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो तेव्हा ते शब्द माझ्या आधी पोचले होते. मंडळाची माणसं असली कामं फार तत्परतेने करतात. तुळजारावांनी त्या दिवशी गाडीत डोकं घातलं नाही, वासही घेतला नाही. सरळ बॉनेट उघडून चारी प्लग काढले आणि धुतलेल्या फडक्यावर माझ्यासमोर ठेवले. "बघा. नवे आहेत की जुने?" चारी नवे होते. मी काहीतरी पुटपुटलो. "उगे ऱ्हावा," ते म्हणाले. "आता मला सांगा, दुपारी कशी चालते?"

दुपारी छान चालते, मी म्हणालो. आणि पाऊस पडला की? पाऊस पडला की जास्तच रडते. हे इतके दिवस मला दिसत होतं आणि मी एकदाही त्याचा विचार केला नव्हता. मी फक्त माणूस धरला होता. ते म्हणाले, गाडी ठेवून जा, सकाळी इंजिन गार असताना या.

सकाळी गेलो. हवा ओली, पत्र्यावरून थेंब टपकत होते. तुळजारावांनी बॉनेटवर गोणपाट टाकून अंधार केला, मला आत वाकायला सांगितलं आणि गाडी सुरू केली. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर, एका तारेच्या बुडापासून दुसरीच्या बुडापर्यंत, निळ्या मुंग्या धावाव्यात तशा ठिणग्या पळत होत्या. प्लगला जायची वीज वाटेतच भलतीकडे जात होती. त्यांनी गाडी बंद केली, गोणपाट ओढलं, टोपी काढली आणि तारांच्या मध्ये नखाने खरवडलं. नखात पिवळट लाल काहीतरी आलं. त्यांनी ते हुंगलं.

"चंदन," ते म्हणाले. "कुंकू. कोण लावट्ला हे?"

बायको असेल म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. तिचं नाव जिभेवर आलंही होतं. पण तिने फक्त स्टिअरिंगला आणि बॉनेटला लावलं होतं. खंडेनवमीला तबक माझ्या हातात आलं तेव्हा मीच बॉनेट उघडलं होतं. पूजा करायची तर इंजिनाची करा, असं मोठ्या ऐटीत म्हणत बॅटरीला लावलं, एअर फिल्टरला लावलं, आणि ती काळी टोपी चांगली गोल डोक्यासारखी दिसली म्हणून तिच्यावर सढळ हाताने आडवा पट्टा ओढला. कोरडं होतं तोवर भागलं. चेन्नईचा खरा पाऊस दसऱ्यानंतरच येतो; ती ओली हवा लागली, पट्टा ओला झाला, आणि गाडी आचके द्यायला लागली.

"मी," मी म्हणालो.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नखातला तो मळ माझ्या नाकासमोर धरला नाही, असिंगमही म्हणाले नाहीत. टोपी पुसून परत बसवली. गाडी सुरू केली, ती लोण्यासारखी चालली. मग शिकेकाईने हात धूत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ज्यांना ज्यांना ते सांगट्लाव, सार, त्या अस्की लोकांना हेही सांगा. मला दुसरं काही नको. मी चाळीस वर्षं या हातांचं खातो."

सांगतो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. पुढच्या बैठकीत जोगळेकरने विचारलं, "काय, गाडी कशी आहे?" मी म्हणालो, उत्तम. तो म्हणाला, "बदलले ना प्लग? आवाज चढवल्याशिवाय ही माणसं वठणीवर येत नाहीत." इतकंच सांगायचं होतं की प्लग नवेच होते, चूक माझी होती. पण बँकेचा इन्स्पेक्टर इंजिनाला गंध लावतो म्हणून सगळे वर्षभर हसले असते. मी हसलो. नुसता हसलो.

मंडळातल्या लोकांच्या गाड्या हळूहळू त्या बोळात जायच्या बंद झाल्या. मी मात्र जात राहिलो, जसा काही माझ्या जाण्याने हिशेब मिटणार होता. एकदा बॉनेटखालूनच त्यांनी विचारलं, "सांगट्लाव का?"

"सांगितलं," मी म्हणालो.

ते म्हणाले, "सरि." म्हणजे ठीक. पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांना कळलंच असणार, कारण कोणी परत आलं नव्हतं. माझी गाडी त्यानंतरही ते तितक्याच निगुतीने करत राहिले. फक्त आत डोकं घालून वास घ्यायचं थांबलं. माझ्या गाडीत काय पडलंय ते त्यांनी पुन्हा कधी उचलून दाखवलं नाही, आणि त्याचा अर्थ मला समजत होता.

तीन वर्षांनी ते गेले. मंडळात दोन मिनिटं उभं राहिलो. नंतर जोगळेकर चार शब्द बोलला. म्हणाला, हात सोन्याचा होता, आपल्यातला माणूस होता, शेवटी शेवटी ते प्लगचं तेवढं व्हायला नको होतं, पण माणूस म्हटला की चालायचंच. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येऊन मी हात धुतले, आणि मग माझं मलाच इतकं ओंगळ वाटलं की बेसिनपाशी तसाच उभा राहिलो.

आता साताऱ्याला परत येऊन बरीच वर्षं झाली. हे मंडळाच्या अंकाला पाठवतो आहे. जोगळेकर अजून तिथेच आहे, तो वाचेल. तुळजारावांनी माझ्या गाडीत नवेच प्लग घातले होते. गंध मी लावलं होतं.