सौर पंपाच्या फॉर्मचे फोटो

दारव्ह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. सौरऊर्जेचा धडा एके काळी माझा आवडता होता. कोळसा वाचतो, बाहेरून आणायचं डिझेल वाचतो, पॅनेल बसवणाऱ्या गावातल्या पोरांना काम मिळतं, देशाचा पैसा देशात राहतो. हे सगळं खरंच आहे. शेवटी मी फळ्यावर एक उतरती रेघ काढतो आणि सांगतो, पॅनेलची किंमत अशी दरवर्षी खाली येते. त्या रेघेपाशी आलं की माझा हात थांबतो. मुलांना वाटतं, सरांना दम लागला.

गावाकडचं शेत माझा थोरला भाऊ पाहायचा. ओलिताची लाईन, म्हणजे पंपाची वीज, बऱ्याचदा रात्रीचीच असायची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला तो बॅटरी आणि काठी घेऊन अंधारात जायचा. एका रविवारी तो प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. पिशवीत सातबारा, आधारची झेरॉक्स, पासबुक आणि एका छोट्या पाकिटात स्वतःचे चार फोटो. फॉर्मला लागतील म्हणून नवा शर्ट घालून स्टुडिओत काढलेले.

"सोलरचा फॉर्म भरून दे," तो म्हणाला. "दिवसा पानी देता यीन."

मी मोबाईल हातात घेतला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. "एक वर्ष थांब दादा. भाव उतरून राह्यले. पुढच्या वर्षी हाच पंप स्वस्त पडते."

"तू शिकेल मानूस. तुले जास्त समजते," म्हणाला. चहा घेतला, पिशवी माझ्याकडेच ठेवली आणि गेला. पिशवी मी ड्रॉवरमध्ये टाकली.

पुढच्याच हिवाळ्यात रात्री पाणी देताना हरभऱ्यात त्याचा पाय सापावर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

हार घालायला घरात फोटो नव्हता. वहिनी आल्यागेल्याला विचारत होती, "त्याईचा एखादा साधा फोटो असन का कोनापाशी?" मलाही विचारलं. मी नाही म्हणालो. पाकीट काढलं असतं तर पिशवी आली असती, आणि पिशवी आली असती तर न भरलेला फॉर्म. शेवटी लग्नाच्या फोटोतून त्याचा चेहरा कापून मोठा केला. कित्येक वर्षं माझा भाऊ भिंतीवर मुंडावळ्या बांधून बसला होता, आणि त्याच्याखाली उदबत्ती जळत होती. मला त्या भिंतीकडे पाहवत नसे.

तेरवी झाली आणि मी दुसऱ्याच दिवशी वहिनीच्या नावाने फॉर्म भरला. पंप आला. वहिनीची समजूत अशी, की भावाचा फॉर्म मी तेव्हाच भरला होता आणि सरकारी कार्यालयात तो अडकला. मी तसं कधी म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नाही. मी गेलो की ती चहा ठेवायची आणि कार्यालयाचा उद्धार करायची. "दाबून ठेवला फॉर्म मेल्याईनं." मी मान खाली घालून बशीत चहा ओतायचो. आपण किती भेकड आहोत, हे मला त्या बशीत नीट दिसायचं. घरी तो ड्रॉवर मी कधी उघडत नसे. पेन हवं असलं तरी बायकोला सांगायचो.

या हिवाळ्यात वर्गात रेघ काढून झाली आणि मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, भाव दरवर्षी उतरतात तं मंग आत्ता कायले घ्याचं?"

तीस-चाळीस चेहरे माझ्याकडे बघत होते. मी फळ्यावरची रेघ पुसली. त्या दिवशी घरी गेलो आणि ड्रॉवर उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेतात गेलो. लख्ख ऊन होतं, पंप चालू होता, वहिनी फावड्याने दांडातलं पाणी वळवत होती. जमिनीवर कुठे काय आहे ते सगळं स्पष्ट दिसत होतं.

"दिवसाचं पानी पाह्यलं का मले लय राग येते, भाऊजी," ती म्हणाली. "इतकं सोपं होतं."

मी पाकीट पुढे केलं. "फॉर्म कार्यालयात गेलाच नव्हता, वहिनी. दादाला मीच थांब म्हटलं होतं."

तिने पदराला हात पुसले, फोटो काढला आणि बराच वेळ पाहिला. दांड फुटून पाणी भलत्याच सरीत शिरलं, तरी आम्ही दोघं हललो नाही.

"हा शर्ट मीच इस्तरी केलता," ती म्हणाली. आणि फावडं उचलून दांड बुजवायला गेली.

आता भिंतीवर साधा फोटो आहे. मी गेलो की ती अजूनही चहा देते, मुलांची चौकशी करते. कार्यालयाला मात्र शिव्या देत नाही. चहा संपेपर्यंत मी वाट पाहतो, की त्या शिव्या ती आता मला देईल. ती देत नाही.